लाल झाकण

हनुमंताला हनुमंत म्हणणारी गावात एकटी त्याची आई होती. बाकी सगळे तोंडावर फोरमन म्हणायचे आणि पाठ वळली की वीसमोजे. नावं ठेवायला खर्च येत नाही, त्यामुळे आपली गावं त्या बाबतीत कधी हात आखडता घेत नाहीत.

त्याचा धंदा बोअरमधल्या जळालेल्या मोटारी काढायचा. खर्ड्याच्या अलीकडच्या त्या माळावर पाणी चारशे-पाचशे फुटांवर गेलेलं. मोटार बसलेली तळाशी. तिला वर आणायचं म्हणजे तिच्या डोक्यावरचे वीस-बावीस लोखंडी पाइप एकेक करून ओढायचे, खोलायचे, आडवे मांडायचे, आणि मोटार दुरुस्त होऊन आली की पुन्हा तसेच एकेक करून आत सोडायचे. पाण्यानं भरलेली ती सगळी लांबण टनाच्या आसपास भरते. हनुमंत गावात परत यायच्या आधी हे काम तीन पायांची घोडी, एक कप्पी, दहा माणसं आणि भरपूर आरडाओरडा यांच्या जिवावर चालायचं. वर्षाकाठी कुणाचं तरी बोट जायचं. गेलं की लोक म्हणायचे, नशिबात होतं. परत आल्यावर हनुमंत त्यावर म्हणायचा, बोट नशिबात नसतं, दोन लोखंडांच्या मधी असतं. लोक हसायचे.

त्याला असं बोलायचा हक्क होता. आईबाप दरसाल कोपरगावकडं ऊसतोडीला जायचे आणि तोही कोयता घेऊन त्यांच्या मागं जायचा. एकोणिसाव्या वर्षी कोयता खाली ठेवला आणि एका ठेकेदाराबरोबर गुजरातेत तेलविहिरींवर गेला. तिथून राजस्थानच्या वाळवंटात. एकंदर चौदा वर्षं. गावाला वाटायचं हा तिथं तेल काढतो. तेल त्यानं ओंजळभरही बघितलं नाही. त्याचं काम पाइपचं. तीस-तीस फुटी पाइप उभे करायचे, एकाला एक जोडायचे, जमिनीच्या पोटात मैल दीड मैल सोडायचे आणि पुन्हा वर काढायचे. तिथला म्हातारा आसामी फोरमन नव्या माणसाला पहिल्या दिवशी एवढंच सांगायचा, की टांगलेला पाइप कुणाच्या ओळखीचा नसतो. हनुमंताला ते कळलं सातव्या वर्षी. शेजारी उभ्या असलेल्या सोबत्याचा हात मनगटापासून गेला. जेवणाची सुट्टी व्हायला पाच मिनिटं होती आणि सकाळची तपासणी कुणीतरी नुसती कागदावर केली होती. त्या दिवसापासून हनुमंत ताकसुद्धा फुंकून प्यायला लागला.

गावी परतल्यावर त्यानं ट्रॅक्टरच्या मागं जोडायची मशीन बनवून घेतली. उंच लोखंडी चौकट, तिच्या माथ्यावर कप्पी, खाली तारेचा दोर गुंडाळायचा ड्रम, आणि त्या ड्रमला आवळून धरणारा पट्ट्याचा ब्रेक. रोज सकाळी निघण्याआधी तो तारेच्या दोरावरून सुती चिंधी फिरवायचा. चिंधी कुठं अडकली की समजायचं आतली तार तुटलीय. मग नटबोल्ट, मग पिना, मग ब्रेक. बोअरवर पोचल्यावर सगळं वजन फूटभर उचलायचं, नुसत्या ब्रेकवर धरायचं आणि मोठ्यांदा वीसपर्यंत मोजायचं. वीस होईपर्यंत कुणी जवळ फिरकायचं नाही. 

एकदा कारभारी नावाचा बागाईतदार वैतागून म्हणाला, "फोरमन, तुमचं ईस व्हईपर्यंत माझी म्हस तहानंनं मरायची."

"मरू द्या," हनुमंत म्हणाला. "म्हस बाजारात मिळती."

हे गावभर झालं आणि तेव्हापासून तो वीसमोजे झाला.

या कामात त्याच्या हाताखाली त्याचा धाकटा भाऊ आसाराम होता. हनुमंतापेक्षा नऊ वर्षांनी लहान, आणि स्वभावानं अगदी उलटा. हनुमंत बोलला तर कामाचं, आसाराम काम करतानाही गाणं म्हणणार. पण भावाचा शब्द त्याला देवाचा. "मागं हो" म्हटलं की दोन पावलं जास्तच मागं जायचा आणि म्हणायचा, "दादा, आता खर्ड्याला जाऊ का अजून मागं?" त्याची बायको आरती बारावी शिकलेली, मोत्यासारख्या अक्षराची. हनुमंतानं तिला एक वही आणून दिली होती. त्या वहीत तिनं तपासणीच्या ओळी लिहून ठेवल्या होत्या आणि रोज सकाळी ती एकेक ओळ मोठ्यांदा वाचायची. दोर? बघितला. पिना? बघितल्या. ब्रेक कोरडा? कोरडा. मग ती खूण करायची. हनुमंताची बायको पुष्पावती चुलीपाशी बसून म्हणायची, "झाली का तुमची आरती?" आणि दोघी जावा हसायच्या. घर हसतं होतं, हे आता लिहिताना जिवावर येतं.

त्या वहीतली ‘ब्रेक कोरडा’ ही ओळ हनुमंताच्या लेखी सगळ्यात मोठी होती. मशीन सगळी तेलावर आणि ग्रीसवर जगते. दर रविवारी तो स्वतः बसून तिच्या सांध्यासांध्यात तेल सोडायचा. फक्त ब्रेकचा पट्टा तेवढा कोरडा पाहिजे. त्याला तेलाचं बोट लागलं तरी तो धरायचा तिथं घसरतो. मार्च महिन्यात, एका बुधवारी, कुणा शेतकऱ्याच्या गड्यानं उत्साहाच्या भरात ग्रीसची पिचकारी तिथंच लावली होती. हनुमंतानं आकाशपाताळ एक केलं. दुसऱ्या दिवशी त्यानं पत्र्याचं झाकण बनवून ब्रेकवर बसवलं. पट्टा बघता यावा म्हणून माथ्यावर बोटभर फट ठेवली आणि झाकणाला लालभडक ऑइलपेंट दिला. तेलविहिरींवर लाल रंग म्हणजे हात लावू नका. आरतीनं बारीक ब्रश घेऊन त्यावर पांढऱ्या अक्षरांत लिहिलं, ‘येथे तेल लावू नये’.

रंगुबाई, म्हणजे त्यांची आई, अंगणात तूर निवडत हे बघत होती. तिला अक्षर येत नव्हतं. 

"कशाला रंगवतोस रं त्येला एवढं?" तिनं विचारलं.

"ही जागा जपायची आई," हनुमंत म्हणाला. "समद्यांचा जीव हिच्यावर हाय."

रंगुबाईनं मान डोलावली आणि पुन्हा तूर निवडायला लागली.

म्हातारीला त्या दिवसांत वेगळाच घोर होता. जोशीबुवांनी आसारामला साडेसाती सांगितली होती. अकरा शनिवार मारुतीला तेल वाहा, उडीद वाहा, रुईची माळ घाला. हनुमंत हसला. आसारामही हसला आणि म्हणाला, "मारुती तर माझा सख्खा भाऊच हाय, मला कशाची साडेसाती?" पण आई ती आई. तीन शनिवार ती भल्या पहाटे अनवाणी देवळात जाऊन आली होती. झाकण रंगवल्यानंतरचा शनिवार चौथा.

त्या दिवशी कारभाऱ्याच्या बोअरवर जायचं होतं. त्याचा कांदा ऐन भरात, आणि मोटार जळालेली. हनुमंतानं उजाडतानाच तपासणी उरकली. आरतीनं ओळी वाचल्या, खुणा केल्या. मग दोघं भाऊ आंघोळीला गेले, भाकरी खाल्ली आणि आठाच्या सुमाराला निघाले. आसारामची चार वर्षांची संस्कृती ट्रॅक्टरवर बसायचा हट्ट धरून रडत होती. त्यानं तिला उचलून आरतीच्या कडेवर दिलं आणि म्हणाला, "दुपारी येतो, मग तुला चक्कर मारतो."

कारभाऱ्याच्या बोअरवर बावीस पाइप होते. हनुमंतानं सगळं वजन फूटभर उचललं, ब्रेकवर धरलं आणि मोजलं. पूर्ण वीस. बांधावर बसलेला कारभारी त्याच्याबरोबर मोठ्यांदा मोजत होता, चेष्टेनं. ब्रेक जागचा हलला नाही. सहा पाइप सुरळीत निघाले. 

सातवा पाइप वर आला. पाइपला आवळून धरणारा एक क्लॅम्प वीस फुटांवर दोराच्या हुकात होता. दुसरा आसारामनं खाली, बोअरच्या तोंडाशी आवळला आणि तो मागं झाला. आता वजन चार बोटं खाली सोडून त्या खालच्या क्लॅम्पवर टेकवायचं एवढंच राहिलं होतं. त्यासाठी ड्रमला उलटा फिरू न देणारा खटका काढावाच लागतो. हनुमंतानं तो काढला, दोन्ही हातांनी ब्रेकचा दांडा दाबून धरला. 

"थांब दादा," आसाराम म्हणाला, "क्लॅम्प वाकडा बसलाय," आणि हातोडी घेऊन वाकला.

"मागं..." एवढंच हनुमंताच्या तोंडून निघालं. हातातला दांडा एकाएकी हलका झाला. त्यानं अंगाचं सगळं वजन टाकलं, छाती टाकली, तरी खाली काही लागतच नव्हतं. ड्रम गरगरला. वरचा क्लॅम्प वीस फुटांवरून खाली आला. आसाराम वाकलेलाच होता.

जामखेडच्या वाटेवर जीपमध्येच तो गेला. डोकं हनुमंताच्या मांडीवर होतं. तो काही बोलला नाही. कथेतली माणसं शेवटी काहीतरी बोलून जातात, खरी माणसं नाही जात.

पोलीस आले, पंचनामा झाला, अपघात म्हणून कागद झाले. घरात रडणं चालू होतं ते चालूच राहिलं. हनुमंताला मात्र एकच कोडं पडलं होतं. सकाळी कोरडा असलेला, वीस आकडे धरलेला ब्रेक सातव्या पाइपला का सुटला? चौदा वर्षांत त्यानं असं बघितलं नव्हतं. तिसऱ्या दिवशी सावडून आल्यावर तो अंघोळीच्या ओल्या कपड्यांनीच अंगणात आणून लावलेल्या मशीनपाशी गेला, पाना घेतला आणि लाल झाकण खोललं.

आतला पट्टा तेलानं माखला होता. 

मशीनचं तेल काळं असतं आणि जळकट वासाचं. हे पिवळं होतं. त्यानं बोट लावून वास घेतला. घरातलं गोडं तेल. फटीच्या आतल्या कडेला उडदाचे पाच-सहा दाणे चिकटले होते आणि रुईचं एक पान ड्रमच्या खाली चेंगरून पडलं होतं.

हनुमंत तिथंच मातीत बसला. सगळं त्याच्या डोळ्यांपुढं आलं. ते दोघं भाऊ आत भाकरी खात होते तेव्हा आई देवळातून आली असणार. अंगणात तिला लालभडक, चकचकीत काहीतरी दिसलं असणार, ज्याच्याबद्दल तिच्या लेकानं सांगितलं होतं की समद्यांचा जीव हिच्यावर हाय. माळावर दगडाला शेंदूर फासला की तो देव होतो, आणि शनिवारी त्या देवाला तेल घालतात. तिनं घातलं. नवा ऑइलपेंट मुळातच चकाकत होता, त्यावर तेल कुणाला दिसणार? उडीद आणि पान वाटेतल्या हिसक्यांनी घसरले, आणि तेल फटीच्या कडेला साठून राहिलं. ड्रम फिरत गेला, तापत गेला, तसं हळूहळू आत उतरलं. त्या झाकणावर पांढऱ्या अक्षरांत काय लिहिलंय ते वाचू न शकणारं घरात एकच मोठं माणूस होतं, आणि त्यानं, हनुमंतानं, सगळ्या पंचक्रोशीला ब्रेक शिकवला होता, फक्त आईला नाही. आईला कोण शिकवतं?

तो रडला. भाऊ गेल्यापासून पहिल्यांदा रडला, तोंडात गमछा कोंबून. आसारामसाठी रडला आणि आईसाठीही. मग उठला, पेट्रोल आणलं, पट्टा पुसला, दाणे वेचले, पान उचललं आणि सगळं चिंध्यांसकट चुलीत घातलं. पुष्पावतीनं विचारलं, काय जाळताय. तो म्हणाला, घाण.

आईला हे कधीही कळता कामा नये, एवढं एकच त्याच्या मनात घट्ट बसलं. तिनं अनवाणी जाऊन, उपास करून, ज्याच्यासाठी देव पाण्यात ठेवले त्याचा जीव तिच्याच हातच्या तेलानं घेतला, हे कळलं तर ती दुसरा दिवस बघणार नाही. आसाराम गेला तो गेला. आई तरी राहू दे.

पण माणसं गेलेल्याचं कारण मागतात, आणि कारण रिकामं ठेवता येत नाही. बाराव्या दिवशी आरती त्याच्यापुढं येऊन उभी राहिली. डोक्यावरचा पदर सरकलेला, हातात ती वही. 

"भाऊजी, मी सकाळी वाचलं तवा तुमी म्हनलात, ब्रेक कोरडा. मग कसा सुटला?"

तिनं वही उघडून त्याच्यापुढं धरली.

"तिथं गेल्यावर मोजलं व्हतं का? ईसपर्यंत? खरं सांगा."

कारभाऱ्यानं मोजताना ऐकलं होतं, शपथेवर सांगितलं असतं. आणि उभ्या आयुष्यात हनुमंताकडं अभिमानाची म्हणून एकच गोष्ट होती, की तो न मोजता वजन उचलत नाही. हसत हसत का होईना, सगळा तालुका ते मानत होता.

"न्हाई," तो म्हणाला. "घाई झाली. कारभारी संगं मोजत व्हता चेष्टेनं, मी मधीच सोडलं. ब्रेकचा बोल्ट ढिला व्हता. माझ्या ध्यानातच आलं न्हाई."

आरतीनं वही त्याच्या पायाशी फेकली. "सगळ्या जगाला शिकवलं तुमी! आन् माझ्याच नवऱ्याच्या येळंला?" तिचा आवाज चिरला. "त्यो तुमाला देव मानत व्हता वो. तुमी थांब म्हनलात की थांबायचा. तुमच्या भरवशावर वाकला त्यो."

हे खरंच होतं. त्यानं वाकू दिलं होतं. त्या एका क्षणाचा हिशेब तेलावर ढकलता येत नव्हता, आणि तो त्यानं ढकललाही नाही. 

गावात बातमी फिरायला वेळ लागला नाही. वीसमोज्यानं भावाच्या वेळी मोजलंच नाही. कारभारी म्हणाला, मोजलं होतं, पण हनुमंत स्वतःच नाही म्हणतो तर त्याचं कोण ऐकणार? ज्यांची बोटं त्याच्या शहाणपणामुळं शाबूत राहिली होती तेच पारावर बसून म्हणायला लागले, अति तिथं माती. पुष्पावती त्याच्याकडं बघेनाशी झाली. एक आई तेवढी होती. तिनं त्याला एका शब्दानं बोल लावला नाही. उलट संध्याकाळी ती त्याच्याजवळ येऊन बसायची, त्याच्या पाठीवरून हात फिरवायची आणि उठून जायची. त्या हातावर तो दिवस काढत होता.

तेरावं झालं. दुसऱ्या दिवशी सकाळी आरतीचा भाऊ अजिनाथ जीप घेऊन आला. आरती मूळची कोपरगावकडची, बागाईत मुलखातली. परत येणार का, कुणी विचारलं नाही. ट्रंक गाडीत गेली, संस्कृती मामाच्या मांडीवर बसली. हनुमंत दारापाशी खांबाला धरून उभा होता. आरतीनं सगळ्यांच्या पाया पडून घेतलं, त्याच्यासमोरून मात्र मान न वळवता पुढं गेली.

तेवढ्यात रंगुबाई आतून आली. चौदा दिवसांत ती निम्मी झाली होती. 

"आरती, थांब बाई. जायच्या आदी तुला एक सांगायचंय."

"बोला आत्या."

"हनुमंताला बोल लावू नगंस. त्याचा दोष न्हाई. माझा हाय."

हनुमंत खांब सोडून आईपाशी आला. "आई, तू आत चल. तुला बरं न्हाई."

"गप. बोलू दे मला. चौदा दिस गळ्याशी आलंय." ती आरतीचा हात धरून पायरीवर बसली. "त्या शनवारी मी मारुतीला तेल घालून आले. येताना वाटीत थोडं उरलं व्हतं. म्हनलं, घरातल्या मारुतीला बी घालावं."

"घरातल्या?" आरतीनं विचारलं.

"मशिनीवरच्या गं. ह्यानं शेंदूर फासला, तू वरून पांढरी नक्षी काढलीस. मी इचारलं तर म्हनला, समद्यांचा जीव हिच्यावर हाय. मग देवच की त्यो. आसाला त्याच्याच पायाशी काम. म्हून त्याच्या डोक्यावर वाटी उलटी केली, उडीद वाह्यले, रुईचं पान ठिवलं." तिनं आरतीचा हात दाबला. "पर तेल पुरलं न्हाई गं. तळाचंच व्हतं. नुसतं डोकं भिजलं. घरात जाऊन बुधली आनायची तर कंटाळा केला मी. रिकाम्या हातानं देव उठवला आन् त्याला उपाशी ठिवलं. म्हून त्यानं माझं लेकरू नेलं. तेल कमी पडलं, आरती."

 अजिनाथला यातलं काही कळलं नाही, पुष्पावती डोळे पुसत होती. पण आरतीनं वर्षभर रोज सकाळी ती ओळ स्वतःच्या तोंडानं वाचली होती. तिचा चेहरा पांढरा पडला. तिनं मान हळूच वर केली आणि हनुमंताकडं बघितलं.

हनुमंत आईच्या मागं उभा होता. त्यानं दोन्ही हात जोडले. आईसमोर बोलता येत नव्हतं, म्हणून नुसते जोडले आणि कपाळाला लावले.

 आरतीचा नवरा गेला होता आणि का गेला हे तिला आत्ता कळत होतं. ती ओरडली असती तर तिला कुणी चूक म्हटलं नसतं, मीसुद्धा नाही. तिनं सासूचे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले.

"आत्या, तेल कमी न्हवतं," ती म्हणाली.

"तुला काय ठावं?"

"मी बघितलं ना. भांडी घासायला आले व्हते तवा. पार आतपातूर उतरलं व्हतं. भरपूर व्हतं. देव उपाशी न्हवता." तिनं काही बघितलं नव्हतं. ती त्या वेळी चुलीपाशी होती.

"खरं सांगतीस?"

"आसारामची शपथ."

रंगुबाईनं एवढा मोठा श्वास सोडला, की अंगातलं कुणीतरी उतरून गेल्यासारखी ती सैल झाली. कितीतरी वेळ ती "माझी माय, माझी माय" म्हणत आरतीचे हात कुरवाळत राहिली. हनुमंतानं डोळे मिटले. वाचलो, असं त्याला वाटलं.

मग म्हातारीचे हात थांबले.

"मग कशानं गेलं माझं लेकरू?" तिनं विचारलं. 

 आरतीनं ओठ घट्ट मिटले. हनुमंत पुढं आला आणि आईसमोर मातीत बसला.

"माझ्या हातनं सुटला ब्रेक, आई. मी मोजलं न्हवतं. बोल्ट ढिला व्हता, मी बघितला न्हाई."

"लोक म्हनत्यात ते खरं मंजी?"

"व्हय."

"आन् मी चौदा दिस सोताला खात बसले." ती त्याच्याकडं बघत राहिली. असं तिनं त्याच्याकडं कधी बघितलं नव्हतं, तो कोयता टाकून पळाला तेव्हाही नाही. त्यानं तिच्या गुडघ्यावर हात ठेवला, तो तिनं उचलून बाजूला ठेवला. 

"अजिनाथ," ती उठत म्हणाली, "माझं बी गठुडं घे गाडीत. मी आरतीसंगं ऱ्हाते, लेकच ती माझी. हितं न्हाई मला गोड लागायचं."

"आत्या..." आरती बोलायला गेली. हनुमंतानं मान हलवून तिला नको म्हटलं.

गठुडं त्यानंच आणलं. दोन लुगडी, एक वाकळ, औषधाच्या गोळ्यांची पिशवी. गाडीत ठेवलं, आईला चढताना आधार द्यायला हात पुढं केला, पण ती पुष्पावतीचा हात धरून चढली. पुढं बघत बसली. संस्कृतीनं तिच्या मांडीवर डोकं टाकलं.

आरती मागं राहिली होती. ती गाडीकडं निघाली, अर्ध्यातून वळली, अंगण ओलांडून हनुमंतासमोर आली आणि वाकून त्याच्या दोन्ही पायांवर डोकं ठेवलं. तिच्या डोळ्यांतलं पाणी त्याच्या पायांवर पडलं. शेजारीपाजारी बघत राहिले, कुणाला अर्थ लागेना.

गाडीतून रंगुबाईचा आवाज आला.

"त्याच्या कशाला पाया पडतीस गं? ऊठ. चल."